फिरत्या चौथऱ्यावर किती वजन ठेवावं?

मायक्रोवेव्ह ओव्हनमधली काचेची थाळी धुवायला काढली की तिच्याखालची रचना दिसते. तीन चिमुकल्या चाकांची एक प्लॅस्टिकची कडी, आणि मधोमध वर आलेलं एक छोटं टोक. त्या टोकाखाली दडलेली मोटर बहुतेक ओव्हनमध्ये अवघ्या तीन-चार वॉटची असते. ती हातात घेऊन तिच्या दांड्यावर थेट दोन किलोचं भांडं तोलायचा प्रयत्न केला, तर दांडा वाकडा होईल किंवा आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतील. तरीही ओव्हनमध्ये तीच मोटर डाळीने भरलेलं जड काचेचं भांडं वर्षानुवर्षं मुकाट्याने फिरवत राहते. हे कसं?

गणपतीच्या आधी मांडवांमध्ये हाच प्रश्न मोठ्या आकारात येतो. देखाव्यासाठी फिरता चौथरा करायचा ठरतो, कुणीतरी जुन्या यंत्राची मोटर आणतं आणि फॅब्रिकेटरला विचारलं जातं, “अर्ध्या एचपीची आहे, किती किलो पेलेल?” प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, पण तो ज्या रूपात विचारला जातो त्या रूपात त्याला उत्तरच नाही. मोटर वजन पेलत नाही. पेलणारं कुणीतरी दुसरंच असतं. मोटरला किती कष्ट पडणार, हे त्या दुसऱ्याच्या प्रकृतीवर ठरतं. एवढं लक्षात आलं की बाकीचा हिशेब शाळेतल्या गुणाकार-भागाकाराने सुटतो, आणि तो सुटला पाहिजे, कारण त्या चौथऱ्यावर मूर्ती असते आणि समोर लहान मुलं उभी असतात.

पेलणारा वेगळा, फिरवणारा वेगळा

जातं आठवा. वरच्या दगडाचा सगळा भार खालच्या दगडावर असतो. खुंट्याला धरलेला हात तो भार उचलत नाही. दोन दगडांमधल्या घर्षणावर मात करण्यापुरताच जोर लावतो. खुंटा मध्यापासून लांब, कडेजवळ बसवलेला असतो, म्हणून तो जोरही कमी लागतो.

ओव्हनच्या थाळीत खालच्या दगडाच्या जागी चाकांची कडी आहे. भांड्याचं वजन चाकांमधून ओव्हनच्या तळावर उतरतं, मोटरला फक्त चाकं लोटायची असतात. वाफेच्या इंजिनांच्या काळात रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनाचं तोंड वळवण्यासाठी टर्नटेबल असत. इंजिन आणि कोळशाचा टेंडर मिळून वजन शंभर टनांच्या वर जाई. इंजिन पुढे-मागे करून मधल्या आसावर नीट तोललं, की चार-सहा माणसं लांब दांड्याला रेटा देऊन ते सगळं धूड वळवत. तिथे मोटर नव्हतीच. भार आस आणि बेअरिंग पेलत होते.

रंगभूमीवरचा फिरता रंगमंचही असाच माणसांच्या रेट्यावर सुरू झाला. जपानच्या काबुकी रंगभूमीवर ओसाकामध्ये १७५८ साली नामिकी शोझो यांनी तो आणला आणि रंगमंचाखाली उभी असलेली माणसं तो फिरवत. म्युनिकमध्ये कार्ल लाउटेनश्लेगर यांनी १८९६ साली विजेवर फिरणारा रंगमंच उभारला. आपल्याकडे १९६२ साली आलेल्या आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ने, प्रभाकर पणशीकरांच्या लखोबा लोखंडेइतकाच, फिरता रंगमंचही प्रेक्षकांच्या स्मरणात ठेवला.

‘१० किलो-सेंटीमीटर’ म्हणजे १० किलो नव्हे

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शाळेच्या प्रकल्पांसाठी छोट्या गिअर मोटरी मिळतात. त्यांच्यावर ‘१० किलो-सेंमी’ असं काहीतरी छापलेलं असतं. मुलं आणि पालक ते ‘दहा किलो उचलते’ असं वाचतात. हा आकडा वजनाचा नाही, टॉर्कचा आहे. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. त्यात ओढ किती आणि ती मध्यापासून किती अंतरावर, या दोन्हींचा गुणाकार असतो. मोटरच्या दांड्याच्या मध्यापासून १ सेंटीमीटरवर ही मोटर १० किलोची ओढ देते. १० सेंटीमीटरवर तिची ओढ १ किलो उरते, आणि ५० सेंटीमीटरवर जेमतेम २०० ग्रॅम.

हीच मोटर घेऊन विज्ञान प्रदर्शनासाठी फिरती थाळी करायची आहे असं समजा. थाळीखाली गोळ्यांची गोल बेअरिंग पट्टी आहे, जेवणाच्या टेबलावरच्या फिरत्या ताटाला असते तशी, आणि गोळ्या मध्यापासून १० सेंटीमीटरवर आहेत. अशा स्वस्त पट्टीत वजनाच्या साधारण पन्नासाव्या भागाइतका अडथळा धरावा. गोळ्यांच्या अंतरावर मोटरची ओढ १ किलो आहे, म्हणजे कागदावर ती ५० किलो फिरवेल. निम्मी ताकद राखीव ठेवली तरी २५ किलो. आता बेअरिंग काढून थाळी थेट मोटरच्या दांड्यावर बसवा. मग २ किलोसुद्धा धोक्याचे, कारण तो दांडा उभा भार सोसण्यासाठी बनलेलाच नसतो. मोटर तीच, पण एका मांडणीत ती २५ किलो फिरवते आणि दुसरीत दोन किलोंखाली झिजते.

मांडवातला चौथरा: हिशेब मांडू

एक ठोस उदाहरण घेऊ. चौथरा ३ मीटर व्यासाचा. लोखंडी चौकट आणि वर प्लायवूड, मिळून १५० किलो. त्यावरचा देखावा ३५० किलोंचा. एकूण ५०० किलो. खाली मध्यापासून १.२ मीटरवर गोलाकार बसवलेली आठ नायलॉनची चाकं आणि मधोमध दिशा धरून ठेवणारा आस. अनेक फॅब्रिकेटर या आसासाठी भंगारातून आणलेला गाडीच्या चाकाचा हब वापरतात आणि तो चांगला निर्णय असतो. त्यातली बेअरिंग गाडीचा भार आणि वळणावरचा आडवा रेटा सोसण्यासाठीच बनवलेली असते. चौथरा मिनिटाला २ फेरे घेणार. त्याहून वेगाने देखावा नीट दिसतही नाही.

अडथळा किती? लोखंडी चाक लोखंडी रुळावर लोळतं तेव्हा वजनाच्या हजाराव्या भागाच्या आसपासच अडवतं. म्हणूनच रेल्वे परवडते. नायलॉनचं चाक प्लायवूडवर किंवा फरशीवर लोळताना शंभरात दोन-तीन भाग अडवतं. लाकूड लाकडावर नुसतं घसरत असेल, तर शंभरात तीस किंवा त्याहून जास्त. आपण तीन धरू. ५०० किलोंचे शंभरात तीन म्हणजे १५ किलो. पण हा अडथळा चाकांपाशी, १.२ मीटरवर आहे. आपण कडेला, १.५ मीटरवर ढकलणार. म्हणून कडेला १५ गुणिले १.२ भागिले १.५, म्हणजे १२ किलोंचा रेटा पुरतो. पाचशे किलो फिरवायला बारा किलो!

थांबलेला चौथरा वेग घेताना थोडा जास्त जोर लागतो. तीन सेकंदांत हळूहळू पूर्ण वेग घेऊ दिला आणि वजन चौथऱ्यावर सारखं पसरलेलं असलं, तर कडेला आणखी पावणेतीन किलोंच्या आसपास. एकूण पावणेपंधरा किलो धरू. कडेचा वेग सेकंदाला ३१ सेंटीमीटर आहे. या रेट्याला त्या वेगाने गुणलं की लागणारी शक्ती येते, सुमारे ४५ वॉट. गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी शक्ती धरून आणि दुप्पट राखीव ठेवूनही दीडशे वॉटच्या आत काम होतं. पाव एचपीची मोटर सुमारे १८५ वॉटची असते. म्हणजे ज्या अर्ध्या एचपीच्या मोटरबद्दल सगळे काळजी करत होते, ती गरजेहून खूपच मोठी निघाली. काळजीची जागा दुसरीकडेच आहे.

सगळ्यात कमजोर कडी शोधायची

साधी मोटर मिनिटाला १४४० च्या आसपास फेरे घेते आणि आपल्याला हवेत २. वेग ७२० पट कमी करायचा आहे. मांडवातली सोपी पद्धत अशी: १:२४ चा वर्म गिअरबॉक्स लावून दांड्याला मिनिटाला ६० फेऱ्यांवर आणायचं, आणि त्यावर १० सेंटीमीटर व्यासाचं रबरी चाक बसवून ते स्प्रिंगने चौथऱ्याच्या कडेवर दाबायचं. १० सेंटीमीटरचं चाक ३ मीटरच्या कडेवर तीस फेरे घेईल तेव्हा चौथऱ्याचा एक फेरा होतो. झाले २ फेरे.

आता पाव एचपीची मोटर या चाकातून कडेला किती रेटा देऊ शकते? गिअरबॉक्समध्ये शंभरातले ३५ भाग वाया गेले असं धरलं तर सुमारे ३९ किलो. लागतात पावणेपंधरा. पण चाक आणि कड यांच्यात रेटा जातो तो फक्त घर्षणातून. स्प्रिंगचा दाब ४० किलो असेल आणि रबराची प्लायवूडवर पकड त्याच्या निम्मी धरली, तर २० किलोंवर चाक जागच्या जागी घसरू लागेल. मोटर कितीही मोठी आणा, चौथऱ्याला २० किलोंच्या वर रेटा मिळणार नाही.

मला ही रचना याच कारणासाठी पसंत आहे. कुणाचं उपरणं किंवा लहान मुलाचा पाय चौथऱ्याखाली अडकला, तर रबर घसरतं आणि चौथरा थांबतो. साखळी आणि दातेरी चक्र लावलं तर घसरण्याची सोयच उरत नाही. मिनिटाला २ फेऱ्यांवर अर्ध्या एचपीची मोटर प्रचंड टॉर्क देऊ शकते. मग आधी गिअरचे दाते तुटतात, साखळी तुटते किंवा अडकलेली वस्तू चिरडली जाते. साखळीच वापरायची असेल, तर ठरलेल्या जोरापलीकडे आपोआप सुटणारा क्लच मध्ये हवाच.

चौकट: ताणकाट्याची परीक्षा

वरचा सगळा हिशेब अंदाजांवर उभा आहे. चाकं किती चांगली, प्लायवूड किती वर-खाली, आस किती सरळ, हे कागदाला कळत नाही. चौथरा तयार असेल तर सरळ मोजावं. प्रवासाचं सामान तोलायचा हँगिंग काटा पुरतो.

रबरी चाक कडेपासून दूर करा. कडेला एक हूक ठोका, त्यात काटा अडकवा आणि कडेला समांतर, संथपणे ओढा. चौथरा सारख्या वेगाने फिरत असताना आकडा वाचा. पूर्ण फेरा ओढा, कारण एखाद्या जागी काटा एकदम वर जातो. तिथे चाक खड्ड्यात किंवा उंचवट्यावर आहे. सगळ्यात मोठा आकडा धरा.

समजा रिकाम्या चौथऱ्याला ३.५ किलो लागले. आता २५० किलोंची वाळूची पोती मोजून, सारखी पसरून ठेवली आणि काटा ९.५ वर गेला. म्हणजे २५० किलोंनी ६ किलो वाढले, दर १०० किलोंमागे २.४.

रबराची पकड २० किलोंची आहे. निम्मी सुरुवातीच्या हिसक्यासाठी आणि अडचणींसाठी राखली, उरले १०. त्यातून रिकाम्या चौथऱ्याचे ३.५ गेले, उरले ६.५. भागिले २.४. उत्तर: सुमारे २७० किलो. ३५० किलोंचा देखावा ठेवायचा असेल तर स्प्रिंगचा दाब ५० किलो करा. पकड २५ होते आणि त्याच हिशेबाने ३७५ किलो बसतात.

हे फिरवण्याचं उत्तर आहे. चाकं आणि चौकट ते वजन पेलतील का, हे वेगळं तपासायचं.

आठ चाकं, पण भार तिघांवर

५०० किलो भागिले ८ म्हणजे चाकामागे साडेबासष्ट किलो, असं म्हणून ७५ किलोंची चाकं आणणं ही नेहमी होणारी चूक आहे. जमीन कधीच पूर्ण सपाट नसते. कडक लोखंडी चौकट तीन चाकांवर टेकली की बाकीची पाच किंचित अधांतरी राहू शकतात. चौथरा फिरतो तसे ते तिघं बदलत जातात, पण क्षणाला भार तिघांवरच. म्हणून पाचशेला आठने नव्हे, तीनने भागावं. येतात १६७. चाक २०० किलोंचं घ्यावं. त्याच्या किमतीतला फरक देखाव्याच्या खर्चात दिसतही नाही.

त्यातून मूर्ती मध्यावर नसेल तर गणित आणखी बदलतं. पाचशेपैकी ३०० किलोंची मूर्ती मध्यापासून १ मीटर पुढे ठेवली, बाकीचे २०० किलो सारखे पसरलेले आहेत, आणि जमीन अगदी सपाट मिळाली असंही समजा. मूर्तीखालच्या चाकावर १२५ किलो येतात आणि बरोबर समोरच्या चाकावर शून्य. ते चाक जमिनीला टेकलेलं दिसतं, पण त्याच्यावर काही नसतं. मूर्ती आणखी थोडी पुढे सरकवली किंवा पुढच्या कडेवर कुणी चढलं, की तो भाग उचलला जाऊ लागतो आणि मधल्या हबला चौथरा ओढून धरावा लागतो. विरुद्ध बाजूला वाळूची पोती ठेवून तोल साधता येतो, पण त्याने एकूण वजन वाढतं. मूर्तीच ४० सेंटीमीटर आत घ्यावी, हे जास्त शहाणपणाचं.

सपाट जमिनीवर मूर्ती कडेला असली तरी संथ फिरवायला फारसा जास्त जोर लागत नाही. उतारावर मात लागतो, आणि आपले बरेच मांडव रस्त्यावर असतात. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्याकडून कडेला उतरता केलेला असतो. ३ मीटरच्या चौथऱ्याची एक बाजू ६ सेंटीमीटर खाली असेल, तर मध्यापासून १ मीटरवरची ३०० किलोंची मूर्ती प्रत्येक फेऱ्यात अर्धा वेळ चढ चढते आणि अर्धा वेळ उतरते. चढताना कडेला ४ किलोंपर्यंत जास्त रेटा लागतो. उतरताना तेवढाच रेटा मूर्ती उलट मोटरला देते. म्हणून असा चौथरा एका बाजूला अडखळतो आणि दुसऱ्या बाजूला पळतो. लोक मोटरला दोष देतात आणि मोठी मोटर आणतात. पाण्याची लेव्हल लावून चाकांखालचा मार्ग पाचरी घालून समतल केला, तर तीच मोटर शांतपणे चालते.

सुरू होताना आणि थांबताना

बटण दाबताच मोटर पूर्ण वेगाकडे झेपावते. तीन सेकंदांऐवजी पाव सेकंदात चौथऱ्याने वेग घ्यायचा ठरवलं, तर कडेवरचे पावणेतीन किलो पंचवीसच्या पुढे जातात. रबरी चाक घसरून तो हिसका गिळतं, दातेरी चक्र गिळत नाही. वेग हळूहळू वाढवणारा व्हीएफडी, म्हणजे मोटरला मिळणाऱ्या विजेची वारंवारता बदलणारं उपकरण, तीन फेजच्या मोटरला लावता येतं आणि मंडळाने दरवर्षी चौथरा करायचा ठरवला असेल तर तो खर्च करण्याजोगा आहे.

हिसक्यात वजनापेक्षा वजनाची जागा महत्त्वाची. मध्यापासून ३० सेंटीमीटरवर ठेवलेले १०० किलो आणि १ मीटर २० सेंटीमीटरवर ठेवलेले १०० किलो चाकांना सारखेच जड. पण त्यांना फिरता वेग द्यायला दुसऱ्या जागी सोळापट टॉर्क लागतो, कारण इथे अंतराचा वर्ग मोजला जातो: अंतर चौपट, जोर सोळापट. जड गोष्टी मध्याकडे आणि कापडी ढग, थर्मोकोलचे डोंगर कडेला, ही मांडणी मोटरचं आयुष्य वाढवते.

थांबतानाही तेच. १ मीटरवर उभी असलेली मूर्ती सेकंदाला २१ सेंटीमीटर वेगाने जात असते. ती एक दशांश सेकंदात थांबवली तर तिला गुरुत्वाच्या पाचव्या हिश्श्याइतका आडवा धक्का बसतो. उंच, निमुळत्या बैठकीची प्लॅस्टरची मूर्ती एवढ्याने डुलते आणि घोट्यापाशी तडा जातो. फेरे वाढवण्याचा मोहही टाळावा. मिनिटाला २ फेऱ्यांवर कडेचं बाहेर फेकणारं बळ वजनाच्या शंभराव्या भागाहून कमी असतं. २० फेरे केले तर ते शंभरपट होतं, वजनाच्या दोन तृतीयांश. त्यावर मोकळं ठेवलेलं काहीच जागेवर राहणार नाही.

चढणारी माणसं आणि पिळणारी वायर

चौथऱ्यावर दिवे असतील तर खालून वर नेलेली वायर प्रत्येक फेऱ्याला एक पीळ खाते. त्यासाठी स्लिप रिंग मिळते: फिरणाऱ्या भागाला सतत टेकून वीज देणारी कडी. ती परवडत नसेल तर दिवे बॅटरीवर चालवावेत, किंवा चौथरा एक फेरा सुलट आणि एक उलट फिरवावा. दिशा बदलताना मध्ये काही सेकंद पूर्ण थांबू द्यावं.

सगळ्या हिशेबाबाहेरचं वजन म्हणजे माणसं. आरतीला पाच कार्यकर्ते पुढच्या कडेवर चढले तर एका बाजूला तीनशे-साडेतीनशे किलो अचानक वाढतात, तेही चाकांच्या वर्तुळाबाहेर, आणि वाळूच्या पोत्यांप्रमाणे ते एका जागी राहत नाहीत. पूजेसाठी वर जाणं गरजेचंच असेल, तर मोटर बंद करून कडेखाली चार बाजूंना लाकडी ठोकळे घट्ट बसवावेत आणि मगच चढावं. ठोकळे काढल्याशिवाय मोटर सुरू होणार नाही अशी स्विचची जोडणी कुठलाही चांगला वायरमन करून देतो. काट्यावर मोजून आलेला किलोंचा आकडा, मोजल्याची तारीख आणि स्प्रिंगचा दाब रंगाने चौथऱ्याच्या कडेवर लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी मूर्ती वेगळी असेल, कार्यकर्ते नवे असतील, आणि वर्षभर गोदामात पडून रबर कडक झालेलं असेल. तेव्हा काटा पुन्हा लावावा लागेल.